वॉर्डातला शब्द आणि यादीतला शब्द

नमस्कार मॅडम,

मी सरकारी रुग्णालयात १४ वर्षं स्टाफ नर्स आहे. आधी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक पदवी, आणि आता वयाच्या ३९व्या वर्षी रजा घेऊन एमएस्सी नर्सिंग करतेय. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं. कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करते. माझा विषय असा आहे : लकवा झालेल्या पेशंटला घरी सोडण्याआधी नातेवाइकांना बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, कशा टाळायच्या ते नीट शिकवलं, तर त्याचा उपयोग होतो का?

सिनॉप्सिसला, म्हणजे प्रबंधाच्या आधी द्यायच्या आराखड्याला, २० संदर्भ हवे होते. मुलीच्या मोबाइलवर चॅट करणारी एआय आहे, तिला विचारलं. दोन मिनिटांत वीसच्या वीस आले. लेखक, जर्नल, साल, पान नंबर, सगळं. मी तसेच टाइप करून दिले. गाइड मॅडमनी त्यातले पाच शोधून पाहिले, एकही सापडला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. कागदावर लाल पेनने 'हे पेपर कुठे आहेत?' एवढंच लिहून परत दिला. चार दिवस मला झोप नाही. कॉलेजजवळचा सायबर कॅफेवाला म्हणतो, सहा हजारांत पूर्ण रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहून देतो, सगळे तेच करतात. बरोबरच्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या, त्यांना सगळं पटापट येतं. हे सोडून परत ड्यूटीवर जावं का? आणि नाही सोडलं, तर खरे पेपर शोधायचे कसे हे मला कोणी पहिल्यापासून सांगेल का?

एक सिस्टर, सांगली जिल्हा

सिस्टर,

सोडू नका. आणि उद्या कॉलेज उघडलं की आधी गाइड मॅडमना जाऊन भेटा. कॅफेवाला, कॉम्प्युटर, शोध हे सगळं त्यानंतर.

समोर उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून वाक्यंच लिहून देते. "मॅडम, हे संदर्भ मी एआयकडून घेतले. एकही पेपर उघडून पाहिला नव्हता. चूक माझी आहे. ही यादी मी काढून टाकते आणि पंधरा दिवसांत स्वतः शोधलेल्या पेपरांची नवी यादी आणते." बस्स. मुलीच्या मोबाइलचं नाव काढू नका, वयाचं कारण सांगू नका, मराठी माध्यमाचं तर मुळीच नको. मॅडमनी तो कागद वर्गात वाचून दाखवला नाही, प्राचार्यांकडेही धाडला नाही. तुमच्याच हातात दिला आणि खाली प्रश्न लिहिला. विद्यार्थिनीने उत्तर घेऊन यावं असं वाटत असेल तरच माणूस प्रश्न विचारतो. शिवाय काम अजून सिनॉप्सिसच्याच पायरीवर आहे. हेच संदर्भ प्रबंधात छापून गेले असते, तर निस्तरणं फार जड गेलं असतं.

मी ३१ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. शेवटच्या दोन वर्षांत तुमच्यासारखेच कागद घेऊन येणारे बरेच भेटले. पीजीचे रेसिडेंट होते, एक प्राध्यापकही होते. "मॅडम, हा पेपर कुठेच सापडत नाहीये, काढून द्या ना." जर्नल खरं, लेखक त्याच विषयात काम करणारे, साल पटण्यासारखं. अंक उघडला की त्या पानावर भलताच लेख.

असं का होतं ते कळलं म्हणजे स्वतःला दोष देणं थोडं कमी होईल. ती एआय कपाटातून पेपर काढून तुमच्या हातात ठेवत नाही. अफाट मजकूर वाचून, कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो याचा अंदाज ती बांधते. संदर्भ दिसतो कसा हे तिला तोंडपाठ झालंय : आडनाव, आद्याक्षरं, जर्नल, साल, खंड, पानं. त्या साच्यात शोभतील असे शब्द ती भरते. काही एआय आता इंटरनेटवर शोधून दुवेही देतात आणि त्यातले बरेच उघडतात, पण खरा पेपर देऊन त्यात नसलेला निष्कर्ष त्याच्या माथी मारलेलाही मी पाहिला आहे. म्हणून, सिस्टर, एकच पथ्य पाळा. जो पेपर तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही, त्याचं नाव यादीत घालायचं नाही. मग तो एआयने सांगितलेला असो, सिनिअरच्या प्रबंधातून उतरवलेला असो, की मी सुचवलेला असो.

कॅफेवाल्याला नाही म्हणून टाका. तो तरी काय करणार? जुन्या प्रबंधांतले परिच्छेद जोडेल किंवा तुमच्या मुलीच्या मोबाइलवर आहे तीच एआय उघडेल. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक यादीतल्या कुठल्याही एका नावावर बोट ठेवून विचारतात, "यात किती पेशंट होते?" तिथे कॅफेवाला नसतो.

आणि खरं सांगू का, हा प्रश्न तुम्हीच शोधायला हवा असं मला मनापासून वाटतं. माझ्या सासूबाईंना लकवा झाला, तेव्हा रुग्णालयातून सोडताना आम्हाला गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, तीन आठवड्यांनी दाखवायला या असं सांगितलं गेलं, आणि कूस बदलत राहा हे दारातून जाता जाता कुणीतरी म्हणालं. बाराव्या-तेराव्या दिवशी पाठीच्या खाली, माकडहाडाच्या वर, रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. उन्हाळा होता, आम्हाला घामोळं वाटलं. मी स्वतः पावडर लावली. बोटाने दाबल्यावर तो लालपणा जात नाही, हे पाहायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्याच विषयाची पुस्तकं मी रोज कपाटात लावत होते! आठवड्यात तिथली कातडी गेली. पुढचे चार महिने ड्रेसिंग चाललं. हे आम्हाला आधी कोणी नीट शिकवलं असतं तर काय झालं असतं, हाच तुमचा विषय आहे. असा प्रश्न सहा हजारांत दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

आता शोधाकडे येते.

मी नोकरीला लागले तेव्हा शोध म्हणजे 'इंडेक्स मेडिकस'चे खंड. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सूची १८७९ साली सुरू झाली आणि २००४पर्यंत छापील निघत होती. एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा लागे, कागद पातळ, अक्षर मुंगीएवढं. पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी मला मुख्य खंडांना हात लावू दिला नाही. आधी 'मेश'चा खंड पुढ्यात ठेवला. मेश म्हणजे त्या ग्रंथालयाने १९६०मध्ये सुरू केलेली विषयांच्या नावांची ठरीव यादी. बाई म्हणाल्या, "बेडसोअर काढ." काढलं. तिथे लिहिलेलं, पाहा : डेक्युबिटस अल्सर. म्हणजे वॉर्डात आपण काहीही म्हणत असू, सूचीत त्याचं नाव ते. मग 'डी'चा खंड उघडायचा. पेपर सापडला की पाच-सहा रुपयांच्या झेरॉक्ससाठी दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाला पत्र घालायचं आणि वाट पाहायची.

ते खंड गेले. पण वॉर्डातला शब्द वेगळा आणि यादीतला वेगळा, ही गोष्ट आजही तशीच आहे, आणि निम्मे लोक तिथेच अडतात. तुम्ही केसपेपरवर 'सीव्हीए' लिहिता. पेपर लिहिणारा 'स्ट्रोक' लिहितो, जुना असेल तर 'हेमिप्लेजिया'. नातेवाईक म्हणतात लकवा, पुस्तक म्हणतं पक्षाघात. बेडसोअरचंही तेच : डेक्युबिटस, प्रेशर सोअर, प्रेशर अल्सर, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने नाव बदलल्यापासून प्रेशर इंज्युरी. कॉम्प्युटरला जखम कळत नाही, अक्षरं कळतात. या सगळ्या नावांमागे एकच पाठ आहे आणि तिच्यावरचा एकच लाल चट्टा आहे हे तुम्हाला कळतं. बावीस वर्षांच्या मुलींना टाइप करता येतं, पण कोणते शब्द टाइप करायचे हे १४ वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला जास्त ठाऊक असतं.

म्हणून पहिला दिवस कॉम्प्युटरपासून लांब राहा. कोरा कागद घ्या, त्यावर चार रकाने पाडा. रुग्ण कोण, आपण काय करणार, ते न केलेल्यांशी तुलना कशी, आणि फरक कशात मोजणार. पहिल्यात लकवा आणि घरी काळजी घेणारे. दुसऱ्यात शिकवणं. तिसऱ्यात नेहमीप्रमाणे दारातून जाता जाता सांगणं. चौथ्यापाशी थांबा आणि नीट विचार करा.

कारण आपल्याकडच्या नर्सिंगच्या प्रबंधांत चौथ्या रकान्यात बहुतेक वेळा 'नॉलेज स्कोअर' असतो. तीस प्रश्नांची प्रश्नावली, शिकवण्याआधी एकदा, नंतर एकदा, आणि गुण वाढले की कार्यक्रम परिणामकारक. शिकवल्यावर आठवड्याने विचारलं तर गुण वाढणारच हो. नातेवाइकाच्या गुणांपेक्षा पेशंटची पाठ महत्त्वाची. महिन्याने फॉलोअपला आल्यावर पाठ आणि टाचा उघडून पाहणं तुम्हाला जमण्यासारखं आहे का, हे मॅडमशी बोला. जमलं तर तुमच्या कामाला वेगळंच वजन येईल. धोका मोजायला ब्रेडन स्केल तुम्ही वापरलेली असेलच : १९८७ची, सहा भागांची, ६ ते २३ गुणांची, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. प्रश्नावली तयार करताना हे उलटं गणित गोंधळात टाकतं, तेवढं सांभाळा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक रकान्याखाली त्या गोष्टीची सगळी नावं इंग्रजीत लिहून काढा. स्पेलिंग मुलीकडून तपासून घ्या. अमेरिकन लोक 'केअरगिव्हर' म्हणतात, इंग्लंडमध्ये 'केअरर', दोन्ही लिहा. आणि मग पबमेड उघडा.

पबमेड म्हणजे त्याच अमेरिकन ग्रंथालयाची सूची, १९९७पासून सगळ्या जगाला मोफत खुली. साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, मोबाइलवरही चालते. नुसतं बेडसोअर टाकलंत तर निकाल हजारोंनी येतील, घाबरू नका. एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं 'ऑर'ने जोडायची आणि तो गट कंसात घालायचा. वेगवेगळ्या गोष्टींचे गट 'अँड'ने जोडायचे. 'ऑर' आणि 'अँड' कॅपिटल अक्षरांत लिहायचे. 'ऑर'ने जाळं रुंद होतं, 'अँड'ने अरुंद. तुमची पहिली ओळ अशी होईल : कंसात बेडसोअर ऑर प्रेशर अल्सर ऑर प्रेशर इंज्युरी ऑर डेक्युबिटस, कंस पुरा, अँड, कंसात केअरगिव्हर ऑर केअरर ऑर फॅमिली, कंस पुरा, अँड, कंसात एज्युकेशन ऑर ट्रेनिंग ऑर टीचिंग. 'स्ट्रोक' पहिल्या शोधात घालूच नका. मणक्याला मार लागलेल्यांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या नातेवाइकांना शिकवल्याचे पेपरही तुमच्या कामाचे आहेत. पुढे निकाल फार झाले तर 'अँड स्ट्रोक' जोडता येतं. एका बोटाने ही ओळ लिहायला आठ-दहा मिनिटं लागतील. लागू देत. एकदा लिहिली की तीच ओळ पुढे महिनाभर पुरते.

अवतरणचिन्हांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण चांगले चांगले इथे फसतात. तुम्ही नुसते शब्द टाकले की पबमेड पाठीमागे स्वतःच मेशची यादी पाहतं आणि तुमच्या शब्दाला त्यांच्या ठरलेल्या नावाशी जोडून घेतं. आमच्या बाई जे काम खंड उघडून करायच्या तेच. पण शब्द अवतरणचिन्हांत घातले की ते फक्त तेवढीच अक्षरं शोधतं आणि ही जोडणी बंद पडते. म्हणून पहिल्या फेरीत अवतरणचिन्हं नकोत. 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'डीटेल्स' उघडलंत तर पबमेडने तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला तो दिसतो. तो रोज वाचा, पंधरा दिवसांत यादीतले शब्द तोंडात बसतील.

मात्र फक्त मेशच्या नावांवर विसंबून राहू नका. नावं लावायचं हे काम २०२२पासून संगणकच करतो, आणि पबमेडमधल्या सगळ्याच पेपरांना ही नावं लागलेली नसतात. आपल्याकडची बरीचशी नर्सिंग जर्नलं तर पबमेडमध्येच नाहीत. त्यांच्यासाठी गुगल स्कॉलर आणि आपल्या विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध जिथे ठेवलेले असतात ते शोधगंगा, दोन्ही पाहा. शोधगंगेतला प्रबंध चाळण्याचा खरा फायदा त्याच्या शेवटच्या यादीत असतो. तिथली नावं घ्या आणि एकेक पेपर स्वतः उघडा. वर सांगितलेलं पथ्य इथेही लागू.

निकाल आले की डाव्या बाजूला गाळण्या दिसतात. वर्षं ठरवता येतात, फक्त आढावे किंवा फक्त प्रयोग मागता येतात, 'फ्री फुल टेक्स्ट' मागता येतं. ही शेवटची गाळणी पहिल्याच दिवशी लावायची सवय करू नका. फुकट मिळतं तेवढंच वाचलं तर जे महत्त्वाचं आहे ते नेमकं बाहेर राहतं. आधी सारांश वाचून पेपर निवडा, पूर्ण पेपर मिळवायचा कसा ते मग पाहू.

आता तुमच्या विषयावरचे दोन खरे पेपर सांगते. शोधून काढा आणि मी बरोबर सांगितलं की नाही ते तपासा.

पहिला कोक्रेनचा आढावा. कोक्रेन ही जगभरच्या संशोधकांची संस्था, १९९३पासून एकेका प्रश्नावरचे सगळे प्रयोग गोळा करून, चाळून, एकत्र निष्कर्ष मांडते. बेडसोअर टाळण्यासाठी पेशंटची स्थिती बदलण्यावरचा त्यांचा आढावा २०२०चा आहे. कूस किती वेळाने बदलावी आणि नेमकी कशी ठेवावी, याबद्दलचा पुरावा कमी खात्रीचा आहे असं तो सांगतो. वाचून तुम्हाला धक्का बसेल. दर दोन तासांनी कूस बदला, हे आपण सगळे लहानपणापासून पाढ्यासारखं म्हणत आलोय. पण कमी खात्रीचा पुरावा म्हणजे कूस बदलू नका, असा अर्थ नव्हे. दोन तासच का, तीन का नाहीत, हे ठामपणे सांगण्याइतके चांगले प्रयोग झालेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक तुमच्या रिव्ह्यूत चार ओळींत नीट लिहिलात, तर मॅडमना कळेल की पेपर उघडलेला आहे.

दुसरा पेपर तुमच्या विषयाच्या अंगावर येणारा आहे. 'अटेंड' नावाचा प्रयोग, आपल्याच देशात झालेला, २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला. भारतातली १४ रुग्णालयं, लकव्याचे १२५० पेशंट. निम्म्यांच्या नातेवाइकांना घरी करायच्या पुनर्वसनाचं पद्धतशीर शिक्षण दिलं. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

बघा, तुमच्या मनातलं उत्तर 'शिकवल्याने फायदा होतो' असं आहे, आणि इतका मोठा प्रयोग नाही म्हणतोय. एआयने हा पेपर तुम्हाला आपणहून दिला असता का? तुम्ही 'फायदा होतो असे २० संदर्भ दे' अशा अर्थाचं काही विचारलं असेल, तर नक्कीच नाही. तुम्ही मात्र तो लपवू नका, पहिल्या पानावर आणा. नीट वाचल्यावर दिसेल की त्यात मुख्य मोजमाप मृत्यू आणि परावलंबनाचं होतं. पाठीवरच्या कातडीचा प्रश्न त्याने सुटत नाही. हालचाल परत आणणं नातेवाइकांच्या हाती किती आणि कूस बदलणं किती, यातही फरक आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाला जागा उरते, आणि ती का उरते हे आता तुम्ही सांगू शकता. सिनॉप्सिसमध्ये 'नीड फॉर द स्टडी' म्हणून जी दोन पानं मागतात ना, ती इथून लिहायची.

बारावीपर्यंत मराठीतून शिकलात म्हणालात, तेव्हा इंग्रजीची भीती वाटत असेल. सारांश वाचताना सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करू नका, तिथे लेखक आपलं घोडं पुढे दामटतो. मधला भाग आधी वाचा : माणसं किती, कोण, कुठली, काय केलं, काय मोजलं. ही वाक्यं साधी असतात आणि त्यातले निम्मे शब्द तुम्ही रोज वापरता. दहा पेपर झाले की तेच शब्द फिरून फिरून येतात हे लक्षात येईल. एखादा परिच्छेद अगदीच कळला नाही, तर तो एआयला मराठीत समजावून सांगायला सांगा, त्यात गैर काही नाही. पेपर तुमच्यासमोर उघडा आहे, आकडे मूळ ओळीशी ताडून पाहता येतात. फक्त एक करा, पेशंटचं नाव, केसपेपरचा फोटो, जखमेचा फोटो तिथे कधीही टाकू नका. पेशंटने ती जखम तुम्हाला वॉर्डात विश्वासाने दाखवलेली असते.

पूर्ण पेपर मिळवायचे मार्ग बरेच आहेत. पबमेडच्या नोंदीशेजारी 'पीएमसी' दिसलं तर पूर्ण पेपर मोफत आहे. २००० साली सुरू झालेला हा त्याच ग्रंथालयाचा खुला साठा. नसेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांकडे जा. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५च्या जानेवारीपासून चालू आहे, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं तिच्यात आहेत. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. तुमचं कॉलेज खासगी असेल तर तिथून मिळणार नाही, अशा वेळी जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पत्र घेऊन जा आणि तिथे बसून वाचता येईल का विचारा. तुम्ही पेपरच्या नावासकट, पीएमआयडी नंबरसकट आलात तर आम्हा ग्रंथपालांना किती बरं वाटतं ते तुम्हाला सांगता येणार नाही. आणि तिथेही नाही मिळाला, तर पेपरवर लेखकाचा ईमेल छापलेला असतो. दोन ओळींचं पत्र लिहा. पुष्कळ लेखक आनंदाने पाठवतात.

पीएमआयडी म्हणजे पबमेडने प्रत्येक नोंदीला दिलेला नंबर. केसपेपरच्या नंबरसारखाच, एका नोंदीला एक. तो वहीत उतरवायची सवय आजपासून लावा. मुलीकडून कॉलेजच्या किंवा घरच्या कॉम्प्युटरवर झोटेरो हा मोफत प्रोग्रॅम घालून घ्या. त्यात जादूच्या कांडीसारखं एक चिन्ह आहे, ते दाबायचं, पीएमआयडी टाकायचा, की लेखक, जर्नल, साल, पानं आपोआप भरली जातात आणि व्हँकुव्हर पद्धतीची, म्हणजे संदर्भांना क्रमाने आकडे देणारी, यादीही तयार करून मिळते. बनावट संदर्भाला पीएमआयडी नसतो, किंवा टाकल्यावर दुसराच पेपर उघडतो. पबमेडमध्ये नसलेल्या जर्नलातल्या खऱ्या पेपरालाही तो नसतो, तेव्हा तसं नाव गुगल स्कॉलरवरही शोधा. एआयने दिलेल्या त्या वीस नावांनाही ही परीक्षा लावून बघा. एखादं खरं निघालं तर उघडून वाचा. बाकीची काट मारा आणि तो कागद फाइलला ठेवा, मॅडमना दाखवता येईल.

आणि त्या बावीस वर्षांच्या मुलींपैकी एकीशी बोला. तिला म्हणा, मला ती शोधाची ओळ टाइप करून दे, मी तुला ब्रेडन स्केल खऱ्या पेशंटवर लावून दाखवते. तिला त्याची गरज आहे, विचारत नाही एवढंच.

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, खाली शोधाची ओळ जशीच्या तशी, आणि त्या दिवशी किती निकाल आले तो आकडा. प्रबंधात शोध कसा केला ते लिहावं लागतं, तेव्हा हेच पान लागेल. ओळ बदललीत की नवी तारीख, नवी ओळ, नवा आकडा. नंतर एका पेपरला एक पान : पीएमआयडी, कुठले किती पेशंट, काय केलं, काय मोजलं, काय निघालं, आणि सगळ्यांत खाली तुमच्या वॉर्डाशी ते जुळतं का हे तुमच्या शब्दांत, मराठीत. रोज दोन पेपर. पंधरा दिवसांनी मॅडमच्या टेबलावर यादी ठेवाल तेव्हा वहीही शेजारी ठेवा, आणि त्यांनी कुठल्याही नावावर बोट ठेवलं की ते पान उघडा.